बांधावरची वाट

रविवार, ३ ऑक्टोबर १९५४

ऑगस्टात मुंबईला आले, पण मुंबई आज पाहिली. आतापर्यंत मला अंधेरीतली ही खोली, चाळीचा नळ आणि बाजार एवढंच ठाऊक होतं. सकाळी अंघोळ झाल्यावर हे एकदम म्हणाले, "लुगडा बदल गो. तुका जरा भायर नेतंय."

"आणि पैसे?"

"एक पैसो लागाचो नाय. फुकट बघूसारखी मुंबई खूप आसा, लोकांका म्हायती नाय."

हे म्हणजे सहदेव. नाव घ्यायची सवय नाही, पण वहीत एकदा लिहून ठेवते. वही दादांनी लग्नात दिली. दादा म्हणजे माझे वडील, गावच्या शाळेत मास्तर आहेत. "सातवी झालीस, आता अक्षर मोडू देऊ नकोस," म्हणाले. बोलायचं मालवणी, लिहायचं शाळेतलं, हा नियमही त्यांचाच.

चालत जोगेश्वरीला गेलो. मला वाटलं, देवळात नेतायत. तर पायऱ्या वर जायच्या सोडून जमिनीत खाली गेलेल्या, आणि खाली डोंगराच्या पोटात दगडी खांबांच्या ओळी. मधोमध देवी. इतका गारवा की अंगावर काटा आला. वटवाघळं फडफडली तसा मी ह्यांचा हात धरला. चाळीत फळ्यांच्या भिंतींतून शेजारचा खोकलासुद्धा ऐकू येतो, तिथे हात कोण धरणार? ह्यांनी सोडवून घेतला नाही.

परत आल्यावर शेजारच्या माणिकताईंनी गाठलंच. त्यांचे यजमान मधुकरराव फोर्टात विम्याच्या ऑफिसात आहेत. "दहा वर्षं झाली गं मला अंधेरीत येऊन, ती गुंफा मी बघितली नाही," त्या म्हणाल्या. "आमच्याकडे रविवार म्हणजे पेपर आणि झोप. तुझं झकास आहे."

झकासच आहे.

रविवार, १० ऑक्टोबर

आज गावदेवीची टेकडी, स्टेशनच्या पश्चिमेला. टेकडी कसली, एकच काळा कातळ सरळ उभा केलाय. पायऱ्या चढून वर देवीचं छोटं देऊळ. तिथून वर्सोव्याचा समुद्र दिसतो, माड दिसतात, भाताची खाचरं दिसतात. वाऱ्याने पदर हातात धरून बसावं लागलं. मी म्हटलं, अगदी गावासारखं दिसतं.

ह्यांना गिरणीत बदली काम आहे. पाळी मिळाली तर मिळाली, नाहीतर सकाळी जाऊन दुपारी परत. या आठवड्यात बहुतेक दुपारीच परत आले. आमची खोली गुणाजीभावजींची आहे. ते ह्यांचे आतेभाऊ, चारकोपला मिठागरावर मुकादम आहेत. भाडं घेत नाहीत.

"तेंचे उपकार कसे फेडूचे?" मी विचारलं.

"फेडूक लागतले," हे म्हणाले.

रविवार, १७ ऑक्टोबर

चारकोपला जाऊन आलो. कांदिवलीला उतरून खाडीच्या दिशेने चालायचं. घरं संपतात, मग नुसता चिखल आणि खाजण. पाण्यात मुळं रोवून उभी असलेली ती बुटकी झाडं. मधून मातीचा बांध गेलाय, दोन माणसं शेजारी चालू शकणार नाहीत इतका अरुंद. दोन्ही बाजूंनी पाणी चकाकत होतं. बगळे उठत होते, बसत होते. लोकांना हे ठाऊकच नाही. माझे तर पाय निघेनात.

बांध संपतो तिथे भावजींची झोपडी आहे. बाहेर पिंपं, लाकडांची मोठी रास. आंबलेल्या गुळासारखा वास येत होता, त्यात आणखी काहीतरी उग्र. मी विचारलं, मीठ उन्हात वाळतं ना, मग एवढी लाकडं कशाला? भावजी हसले. "हुशार आहे हो तुझी बायको, सहदेवा. पावसात भिजलेलं मीठ कढवायला लागतं, सुगंधे." मला नवी माहिती मिळाली.

निघताना त्यांनी टोपलीभर कुर्ल्या दिल्या. इथे चिंबोऱ्या म्हणतात. जिवंत, नांग्या उगारलेल्या, वर ओलं गोणपाट. टोपली ह्यांनी खांद्यावर घेतली, मला हात लावू दिला नाही.

नाक्यावर पोलीस होते. आमच्या पुढच्या माणसाला थांबवून त्याची पिशवी रस्त्यावर उलटी केली. हे तेव्हा माझ्याशी मोठमोठ्याने बोलत होते, कालवण कसं करायचं, खोबरं किती घालायचं. पिकल्या मिशांच्या एका हवालदारांनी गोणपाट उचललं, नांग्या बघून हात मागे घेतला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "जा, जा." माझ्यासारखीच्या तोंडाकडे बघून सोडतात, म्हणजे मुंबईचे पोलीस बरे आहेत.

नाका ओलांडल्यावर मात्र हे अगदी गप्प झाले. दमले असतील.

रविवार, ३१ ऑक्टोबर

दिवाळीमुळे मागचा रविवार गेला. आज मीच म्हटलं, दुसरं काहीतरी दाखवा. मग बोरिवलीला मंडपेश्वरची लेणी पाहिली. आत अर्धा झिजलेला शंकर नाचतोय, दुसऱ्या भिंतीवर क्रूस कोरलाय, वर पडक्या चर्चच्या भिंती. माझं अजून बघून झालं नव्हतं तर ह्यांची घाई. "चल, चारकोपाक जरा डोकावया."

पुन्हा बांध, पुन्हा टोपली, पुन्हा नाका. ह्यांचं ते मोठ्याने बोलणंही पुन्हा.

अंधेरीला उतरल्यावर ह्यांनी टोपली एका पानवाल्याकडे ठेवली. भावजींचं गिऱ्हाईक तिथून नेतं म्हणे. घरी आल्या दोनच कुर्ल्या. एवढ्या जड टोपलीतून दोन!

गुरुवार, ११ नोव्हेंबर

माणिकताईंचा राग आलाय. आज बोलता बोलता मी सांगितलं, परवाच्या रविवारीही चारकोपलाच गेलो होतो.

"पुन्हा चारकोप? अगं, तिथे डास आणि चिखल सोडून आहे काय?"

मधुकरराव पेपराआडून म्हणाले, "तिथे कोणी फिरायला जात नाही. दारूबंदी आली तशी त्या खाजणाला बरकत आली आहे. जागोजागी हातभट्ट्या."

"तुम्ही गप्प बसा हो," माणिकताई म्हणाल्या, पण माझ्याकडे बघितलं ते निराळंच.

मी उठून आले. ऑफिसातली माणसं. गिरणीतल्या माणसाने बायकोला फिरवलं तर यांना खुपतं. जोगेश्वरीची वाट यांना मीच सांगितली होती, तीसुद्धा त्यांनी अजून पाहिलेली नाही.

रविवार, १४ नोव्हेंबर

आज ह्यांच्या खांद्याला कळ आली म्हणून बांधावर टोपली थोडा वेळ मी घेतली. पावलागणिक आत पाणी डुचमळत होतं. मी विचारलं तर म्हणाले, "कुर्ल्यांका पाणी लागता."

नाक्यावर एका सायकलवाल्याला धरलं होतं. त्याने गळ्यात मोटारीच्या चाकातली ट्यूब अडकवली होती. शिपायाने सुरी लावली तशी त्यातून धार लागली आणि सगळीकडे वास पसरला. लोक हसत होते. शिपायाने सायकलवाल्याच्या थोबाडीत मारली.

तो वास मी ओळखला. कुठला ते लिहीत नाही.

मंगळवार, १६ नोव्हेंबर

सकाळी पुन्हा ओकारी झाली. आता खात्री झाली आहे. ह्यांना अजून सांगितलेलं नाही. इथे कुजबुजलं तरी चार खोल्यांना कळेल, आणि ही गोष्ट आधी दोघांनाच कळायला हवी. रविवारी टेकडीवर चला म्हणणार आहे. वाऱ्यात सांगेन.

रविवार, २१ नोव्हेंबर

टेकडीवर गेलो नाही. मी म्हटलं, माझं डोकं दुखतंय, चारकोप नको, टेकडीवर बसू. हे म्हणाले, तू पड. आणि एकटेच गेले.

दुपार उतरल्यावर आले ते रिकाम्या हातांनी. शर्ट खांद्यात फाटलेला, पायांना गुडघ्यापर्यंत गाळ. "एकट्या पुरुषाक सोडनत नाय," एवढंच म्हणाले. कोण सोडत नाही ते मी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांना सांगावं लागलं असतं, आणि मग मला ऐकावं लागलं असतं.

संध्याकाळी भावजी आले. आत आले नाहीत. दोघं जिन्यापाशी उभे राहून बोलत होते. भावजींचा आवाज कधी चढत नाही. मला फक्त 'खोली' एवढा एक शब्द ऐकू आला.

शनिवार, २७ नोव्हेंबर

अक्षराकडे बघवत नाही.

भाकऱ्या झाल्यावर मी म्हटलं, "उद्या टेकडीवर जावया. माका तुमका कायतरी सांगूचा आसा."

"उद्या चारकोप," हे म्हणाले. मग खाटेखालून एक गाठोडं ओढलं आणि सोडलं. आत काळी रबरी ट्यूब, कापून दोन्ही तोंडं आवळलेली, एका तोंडाला बूच. दोन बाजूंना नाड्या.

"ह्या काय?"

ह्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. "पोटाक बांधूचा. लुगड्याच्या आत. पोटुशा बाईक कोण हात लावणा नाय."

मी हसले. खरंच हसले. हे दचकले.

"आत काय असतला?" मी विचारलं.

"तुका म्हायती आसा."

हो. माहीत होतं. त्या सायकलवाल्याच्या दिवसापासून, कदाचित मधुकरराव बोलले त्या दिवसापासून. म्हणजे जोगेश्वरीच्या त्या गारव्यात हात धरला तेव्हाही हे मनात हेच मोजत होते का, की बायको बरोबर असली की पोलीस सोडतात?

"एकदाच," हे म्हणाले. "गेल्या रयवारी पोलिसांका बघून मी माल गाळात टाकलंय. तेची भरपाई होवक व्हयी. नायतर खोली खाली करा म्हणता. गिरणीत पाळी नाय, गावाक तोंड कसा दाखवू? एकदाच गो."

मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. सांगायचं होतं ते मात्र सांगितलं नाही. ती ट्यूब मध्ये पडलेली असताना ते शब्द तोंडाबाहेर काढायचे माझ्या जिवावर आलं.

सोमवार, २९ नोव्हेंबर

कालचं सगळं लिहून काढते. नाहीतर डोक्यातून जाणार नाही.

भावजींनी ट्यूब भरून दिली. मी झोपडीच्या आडोशाला जाऊन बांधली. ताजी होती, कोमट लागली. पोटावर कोमट. मला वाटलं होतं गार असेल, आणि गार असती तर बरं झालं असतं. वरून लुगडं नेसले. मी बाहेर आले तशी भावजींनी मान तिरकी करून मला पाहिलं आणि म्हणाले, "सातवा वाटतो. झकास."

बांधावर हे टोपली घेऊन पुढे, मी मागे. वजन पुढे ओढत होतं, कंबर मोडत होती, आणि प्रत्येक पावलाला ते आत हलत होतं. दोन्ही बाजूंना पाणी. एकदा तोल गेला. हे वळले, हात पुढे केला. मी धरला नाही.

नाक्यावर तेच पिकल्या मिशांचे हवालदार. ह्यांनी मोठ्याने बोलायला सुरुवात केली, तेच कालवण, तेच खोबरं. हवालदार त्यांच्याकडे बघतच नव्हते. त्यांनी स्वतःचं स्टूल माझ्यापुढे सरकवलं.

"बस पोरी. काय रे, अशा दिवसांत हिला उन्हातून चालवतोस? गाडी-टांगा काही मिळत नाही?" मग लोट्यातून पाणी दिलं. मी गटागटा प्यायले. कोणीतरी माझी विचारपूस केली होती. या शहरात आल्यापासून मला कोणी असं बसवून पाणी दिलं नव्हतं.

"कितवा?" त्यांनी विचारलं.

"तिसरा लागलो," मी म्हटलं.

खरं तेच तोंडातून गेलं. गेल्यावर कळलं.

हवालदारांची नजर माझ्या पोटावर आली आणि तिथेच थांबली. मग वर तोंडाकडे. मी त्यांच्याकडे बघत नव्हते. मी ह्यांच्याकडे बघत होते. ह्यांचं तोंड पांढरंफटक पडलं होतं, ओठ हलत होते.

"खरा?" हे म्हणाले. जणू तिथे पोलीस नव्हतेच.

मी मान हलवली.

ह्यांनी टोपली खाली ठेवली. गोणपाट ओढून काढलं. कुर्ल्या चहूकडे पळाल्या, एक हवालदारांच्या बुटावरून गेली. खाली झाळलेले दोन डबे. "साहेब, ह्या माझा. तिच्या पोटाक आसा ताय माझाच. तिका काय म्हायती नव्हता. माका बांधा."

दुसरा शिपाई धावत आला, त्याने माझ्या दंडाला हात घातला. हवालदारांनी त्याला मागे सारलं. "हे डबे पुरावा म्हणून पुरेत," म्हणाले. मग माझ्याकडे न बघता, "मागे विहीर आहे. बाया पाणी भरतायत. जा, आणि जे टाकायचं ते टाकून ये."

विहिरीवर एक म्हातारी कोळीण होती. माझ्याने गाठ सुटेना. तिनेच सोडली. काय आहे ते तिला लगेच कळलं, पण तोंडातून चकार शब्द काढला नाही. बूच मात्र मी उपटलं. सगळं मातीत गेलं. तिथे पुष्कळ वेळ वास राहिला असेल. माझ्या लुगड्याला आज धुतल्यावरही आहे.

परत आले तर हे चौकीच्या ओट्यावर बसले होते, हाताला दोर. मला बघून म्हणाले, "जेव गो वेळेवर." दुसरं काही सुचलं नसेल.

एकटीच घरी आले. माणिकताईंनी दार उघडलं, माझ्याकडे बघितलं. 'सांगितलं होतं ना' असं त्या म्हणतील म्हणून मी अंग चोरून उभी होते. त्या म्हणाल्या, "आधी रडून घे. मग जेव. मग सांग."

गुरुवार, २ डिसेंबर

कोर्टात ह्यांनी गुन्हा कबूल केला. तीन महिने. ठाण्याचा तुरुंग. माल कोणाचा विचारलं तर म्हणाले, माझाच. भावजींचं नाव काढलं नाही. माणिकताई माझ्याबरोबर आल्या होत्या. परत येताना म्हणाल्या, "भावाला वाचवतोय की स्वतःच्या खोलीला?"

रविवार, ५ डिसेंबर

गुणाजीभावजी आले. पेढे घेऊन आले. "आनंदाची बातमी आहे म्हणे. सहदेवाने मला सांगायला नको होतं?"

मी दार उघडंच ठेवलं आणि उंबऱ्याशी बसले. ते खाटेवर. खोली त्यांचीच आहे. बोलायला लागले. सहदेव शहाणा निघाला, तोंड उघडलं नाही. घरच्या माणसाचं घरच्यानेच बघायचं असतं. मी इथेच राहावं. मग पेढ्यांचा पुडा माझ्याकडे सरकवत म्हणाले, "आता तर दोन महिन्यांत खरंच दिसायला लागेल. मग कोण बघतंय थोडं खरं, थोडं खोटं? रविवारी फक्त एक खेप. सोबतीला मी बाई देतो."

"आणि नाय म्हटलं तर?"

"नाही कशाला म्हणशील? तुला जायला जागा कुठाय?" ते उठले. आवाज तसाच, मऊ. "पुढच्या आठवड्यात येतो. खाऊन घे पेढे. पोराला लागतात."

पेढे चाळीतल्या कुत्र्यालाही घालावेसे वाटेनात. मोरीत टाकले.

बुधवार, ८ डिसेंबर

कांदिवलीला गेले. चौकीच्या समोर बराच वेळ नुसती उभी होते. भावजी नेहमी म्हणतात की पोलिसांतही आपली माणसं आहेत. खरं असेल तर मी विहिरीत उडी टाकायला आले होते. पण दुसरं कोणाला जाऊन सांगणार? पिकल्या मिशांचे हवालदार चहा पीत बाहेर आले तेव्हा मी पुढे झाले.

"काय गं पोरी, त्याला भेटायचं असेल तर ठाण्याला जा."

"भट्टी कुठे आहे ते सांगायचं आहे," मी म्हटलं. "फक्त तुम्हाला."

चौकीच्या मागे नेऊन त्यांनी सगळं ऐकून घेतलं. बांध कुठून लागतो, कुठे वळतो, झोपडी कुठे. मला प्रत्येक वळण पाठ होतं. आवडीने बघितलं होतं ना.

"माझं नाव?" मी विचारलं.

"मला तुझं नाव माहीतच नाही," ते म्हणाले. "आणि सांगूही नकोस."

सोमवार, १३ डिसेंबर

भावजी आज आले ते पेढ्यांशिवाय. दारात उभे राहिले, आत आले नाहीत.

"शुक्रवारी पोलीस येऊन गेले. बांधावरून. मी झोपडीमागच्या आंब्यावर बसून सगळी रांग बघितली. बरोबर झोपडीशी आले, आणि सापडलं काय, तर थंड राख." ते हसले. "बांध त्यांना कोणी दाखवला असेल, सुगंधे?"

मी तांदूळ निवडत होते. खडा काढून बाजूला ठेवला. "पोलिसांक वाटा म्हायती असतत."

"असतात ना. पण इतकी वर्षं कशी नव्हती?" मग ते थांबले. माझ्या हातांकडे बघत राहिले. मी हात हलू दिले नाहीत. "येत्या आठवड्यात भट्टी पुन्हा लागेल. पुढच्या बुधवारी तू यायचंस. नाहीतर कुलूप घेऊन मी येईन. आणि जिना जपून उतरत जा. अशा दिवसांत पाय घसरला की सगळंच जातं."

ते गेल्यावर मी थाळा खाली ठेवला तर अर्धे तांदूळ जमिनीवर.

माणिकताईंनी भिंतीतून सगळं ऐकलं होतं. संध्याकाळी मधुकरराव स्वतः आले, चष्मा पुसत उभे राहिले आणि म्हणाले, "आजपासून रात्री आमच्याकडे झोपायचं. यात चर्चा नाही." त्यांच्याशी मी महिनाभर बोलले नव्हते.

शनिवार, १८ डिसेंबर

ठाण्याला ह्यांची भेट झाली. मध्ये जाळी, दोन्हीकडून सगळे ओरडत असतात. केस कापल्यामुळे ते लहान दिसत होते. तब्येत विचारली, जेवतेस का विचारलं. मग म्हणाले, गुणाजीदादाने निरोप पाठवलाय की तो तुला सांभाळेल.

मी सांगून टाकलं. तो कसा सांभाळणार होता ते. जिन्याचं बोलला ते. आणि हेही की मी चौकीत गेले, भट्टी मी दाखवली, आणि तो निसटला.

जाळीला धरलेली बोटं पांढरी झाली होती. त्यांचा आतेभाऊ. लहानपणी गुणाजीने ह्यांना खांद्यावरून जत्रेला नेलेलं. आसरा दिला, काम दिलं. मला वाटलं, आता हे पाठ फिरवून जातील, आणि मग माझं इथे कोणीच उरणार नाही. शिपाई ओरडला, वेळ संपत आली.

"खंयची वाट सांगलंस?" त्यांनी विचारलं.

"बांधावरची. तीच म्हायती होती."

त्यांनी तोंड जाळीला लावलं. "बांधावरसून कोणय इलो तरी तेका आंब्यावरसून दिसता. खाजणातसून जावक व्हया. ओहोटीक. गावाच्या मागे मोडकी होडी आसा, थंयसून डावीकडे. गाळ कमरेपर्यंत येता, पण माणूस बुडणा नाय. थंयसून कोण येतला असा तेका सपनातय वाटाचा नाय."

मी ते शब्द परत म्हणून दाखवले. मोडकी होडी, डावीकडे, ओहोटी. त्यांनी मान हलवली आणि शिपायाबरोबर गेले. वळून बघितलं नाही.

परत येताना दादरला गाडी बदलली. अंधेरी आली. माणसं उतरली, चढली. मी बसूनच राहिले. गाडी सुटली, आणि मी कांदिवलीला उतरले.

शुक्रवार, २४ डिसेंबर

मंगळवारी ओहोटीला पोलीस गेले. गुणाजी होडीत चढता चढता सापडला. जळती भट्टी, पिंपं, सगळं. हवालदार गाळाने इतके माखले होते की कोळणींनीसुद्धा ओळखलं नाही म्हणे. हे मला विहिरीवर माझी गाठ सोडणाऱ्या त्या म्हातारीकडून बाजारात कळलं, कारण चौकीकडे आता मी फिरकत नाही.

खोली सोडली. माणिकताईंच्या स्वयंपाकघरात माझी वळकटी आहे. चाळीतल्या दोघीतिघी बोलायच्या बंद झाल्या आहेत, नळावर मला बघून हंडा उचलून निघतात. दादांना अजून कळवलेलं नाही. माणिकताईंनी मला एका शिवणवर्गात घातलं आहे. काजं करायला मिळतात.

सहदेव फेब्रुवारीच्या शेवटी सुटेल. सुटल्यावर आम्ही कुठे राहायचं, एकत्र राहायचं की नाही, हे मी अजून ठरवलेलं नाही. भेटीच्या दिवशी मात्र जाणार आहे.

नळावर कोणीतरी बोलताना ऐकलं की अंधेरीच्या पूर्वेला महाकालीची लेणी आहेत. मरोळच्या वाटेवर, चालत जाता येतं, तिकीट नाही. वाट मी स्वतः विचारून घेतली, दोघांना विचारली, दोघांनी एकच सांगितली. येत्या रविवारी माणिकताईंना घेऊन जाणार आहे. पोट जड व्हायच्या आत बघून घ्यायचं आहे.